बैठक कुठे भरते?

(रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



गुरुजींनी मला दोन शब्द बोलायला उभे केले आहे. मी पुढारी नाही, की शिकलेला वक्ता नाही. घाटंजीकडचा कापूस पिकवणारा शेतकरी आहे. माझे नाव मी आज सांगणार नाही. ज्या मंडळींची गोष्ट मी सांगणार आहे, त्यांच्यात चारचौघांपुढे आडनाव सांगायची रीत नाही. ती का नाही, ते पुढे कळेल.

मी दारुडा आहे. आज अकरा वर्षे झाली, थेंब घेतलेला नाही. तरी "दारुडा होतो" असे मी म्हणत नाही. "आहे" असेच म्हणतो. साखरेचा आजार झालेला माणूस बघा. साखर आटोक्यात आली, म्हणून तो पथ्य सोडत नाही. माझेही तसेच आहे. दारूचा पहिला पेला माझ्या हातात आला की दुसरा माझ्या हातात राहत नाही. ही माझी प्रकृती. डॉक्टर तिला आजार म्हणतात.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. दारूचे दुकान कुठे आहे, ते गावातले लहान पोरही सांगते. पण दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठे भरते, हे अख्ख्या गावाला ठाऊक नसते. ते ठाऊक पाहिजे. एवढ्यासाठी मी उभा आहे.

चुकाऱ्याची रात्र

त्या साली माझा कापूस विकला गेला. चुकारा हातात आला. घरून निघताना बायकोने सांगितले होते, "पोरीच्या शाळेचे पैसे द्याचे हायेत. सरळ घरी या." मी सरळच निघालो होतो. पण एस. टी. यायला वेळ होता. मनात म्हटले, एकच घेऊ.

सकाळी जाग आली, तेव्हा मी फाट्यावरच्या निवाऱ्यात पडलो होतो. अंगाशी एक कुत्रे निजले होते. खिसा रिकामा होता.

घरी गेलो. बायको बोलली नाही. पोरगी मात्र आत निघून गेली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. मागून मला कळले, की ती माझ्या पावलांच्या आवाजावरून ओळखायची. बाप पिऊन आला की न पिता आला, ते अंगणातच तिला समजे. पिऊन आलो की ती पाटी-दप्तर उचलून कणगीमागे जाऊन बसे.

मी मारुतीच्या देवळात जाऊन शपथ घेतली. त्या दिवशीच दारू बंद केली. एकदम बंद.

मंडळी, इथे नीट ऐका. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकदम बंद केली, तर शरीर उलटते. हात कापतात. घाम सुटतो. झोप जाते. कोणाला फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेले दिसू लागते. मला भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसत होत्या. मी त्या झाडत होतो. लोक म्हणाले, बाहेरची बाधा झाली. तिसऱ्या दिवशी मला फिट आली. शेजाऱ्यांनी गाडी केली आणि दवाखान्यात नेले, म्हणून मी आज तुमच्यापुढे उभा आहे.

ही बाधा नव्हे. दारू उतरण्याचा हा त्रास आहे. त्यात जीवही जाऊ शकतो. त्यावर औषध आहे. म्हणून शपथ घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण आधी डॉक्टरला भेटा.

भिंतीवरचा कागद

दवाखान्यात माझी बायको केसपेपरच्या खिडकीशी रांगेत उभी होती. ती तेव्हा अशाच एका रात्रीच्या वर्गाला जात होती. जोडाक्षरे अजून अडायची. पण आकडे पक्के झाले होते. समोर भिंतीवर एक कागद चिकटवला होता. तिने तो एक-एक अक्षर लावून वाचला. दारू सोडायची आहे काय, असे त्यावर लिहिले होते. खाली फोनचा नंबर होता.

तिने कोणाकडून तरी पेन मागितला आणि तो नंबर तळहातावर उतरवून घेतला. माझ्याजवळ आली आणि हात पुढे केला.

"अजी, हे पाहा. भिंतीवर लिवलं होतं. मीच वाचलं."

मी चिडलो. म्हटले, "मले काय येडं समजते का तू?"

ती काही बोलली नाही. चार दिवसांनी मी घरी आलो. तोवर तिने तो नंबर वहीत लिहून ठेवला होता.

एका संध्याकाळी पाय पुन्हा दुकानाकडे वळू लागले. तेव्हा मी तो नंबर लावला. मला वाटले, कोणी साहेब उचलेल आणि चार शब्द सुनावेल. पलीकडून आवाज आला, "भाऊ, मीपण तुमच्यासारखाच दारुडा आहे. आजच्या दिवस पिऊ नका. उद्याचं उद्या पाहू. सोमवारी संध्याकाळी नागपूरला बैठक आहे. येता का?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला "मीपण" असे म्हटले होते. आजवर सारे "तू" म्हणत आले होते. तू असा, तू तसा.

पंधरा मिनिटांची भेट

या बैठका कोणी काढल्या, ते आता सांगतो. गोष्ट दूरची आहे, पण आपल्यासारख्याच माणसांची आहे.

सन १९३५. अमेरिकेत ॲक्रन नावाचे गाव आहे. तिथे बिल नावाचा एक शेअर दलाल न्यूयॉर्कहून धंद्यासाठी आला होता. तो मोठा दारुडा. पाच महिन्यांपूर्वी त्याने कशीबशी दारू सोडली होती. ॲक्रनला त्याचा धंदा फसला. तो हॉटेलच्या दालनात एकटाच उभा होता. एका बाजूला दारूचा गुत्ता. तिथून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याच्या मनात आले, आत जावे. मग त्याला भीती वाटली. तो टेलिफोनकडे गेला. गावातल्या पाद्रींची यादी तिथे लावलेली होती. त्याने एकेकाला फोन करायला सुरुवात केली. विचारायचे एकच होते: या गावात मला एखादा दारुडा भेटेल का, ज्याच्याशी मी बोलू शकेन?

विचारता विचारता त्याला डॉक्टर बॉब यांचा पत्ता लागला. हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. तेही दारूत बुडालेले. ते म्हणाले, पंधरा मिनिटे बसतो. दोघे बसले आणि सहा तास बोलत राहिले. बिलने उपदेश केला नाही. स्वतःची कहाणी सांगितली. डॉक्टरांना वाटले, हा माणूस माझेच सांगतो आहे.

पुढे काही आठवड्यांनी डॉक्टर एकदा पुन्हा घसरले. मग १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला. तो दिवस या चळवळीचा पहिला दिवस मानतात. तिचे नाव अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. म्हणजे नाव न सांगणारे दारुडे. थोडक्यात तिला ए. ए. म्हणतात. १९५७ साली ती मुंबईत आली. आज सुमारे १८० देशांत तिच्या बैठका भरतात.

बिल त्या दिवशी फोनकडे गेला, तो दुसऱ्याला वाचवायला नव्हे. स्वतः वाचायला गेला. दारुड्याला दारुड्याची गरज असते. गुत्त्यात असते, तशी गुत्त्याबाहेरही असते. बैठकीचे मर्म हेच.

खोलीच्या आत

सोमवारी मी नागपूरला गेलो. यवतमाळहून दीडएकशे किलोमीटर. सांगितलेली जागा म्हणजे एक शाळा होती. दारापाशी गेलो आणि परत फिरलो. पुन्हा गेलो, पुन्हा फिरलो. समोर चहाची टपरी होती. तिथे एक म्हातारे गृहस्थ सायकल टेकवून चहा पीत होते. मी हळूच विचारले,

"बाबूजी, इथी कोठी प्रवचन असते म्हणे?"

ते माझ्याकडे बघून हसले. "प्रवचन नाही भाऊ, बैठक असते. मी तिथंच चाललो. चहा घ्या, मग जाऊ संगं."

आत नऊ माणसे होती. पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर करून बसलेली. कोणी माझे गाव विचारले नाही. जात विचारली नाही. किती प्यायचा, तेही विचारले नाही. वर्गणी नाही, फॉर्म नाही. शेवटी एक डबा फिरला. ज्याला जमेल त्याने खोलीच्या भाड्याला आणि चहाला काही टाकावे. मला म्हणाले, "तुम्ही आज पाहुणे. टाकू नका."

एकेकाने उठून आपली कहाणी सांगितली. मध्ये कोणी बोलत नाही. कोणी सल्ला देत नाही. एक जण म्हणाला, मी कडब्याच्या गंजीत बाटली लपवायचो आणि मग पावसात गंज उपसत बसायचो. मी मान खाली घातली. माझीही बाटली गंजीतच असे.

त्या खोलीत जे बोलले जाते, ते त्या खोलीतच राहते. नाव न सांगण्याची रीत एवढ्याचसाठी. गावात बदनामी होईल, ही भीती असली की माणूस दारापर्यंतही येत नाही. ती भीती रीतीने घालवली आहे. मीठमिरची लावून बाहेर सांगणारा तिथे कोणी नसतो, कारण सारे एकाच नावेत असतात.

त्या बैठकीत शिरायला एकच अट आहे. दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असली पाहिजे, असेही नाही. इच्छा पुरे. देवाचे नाव निघते, पण कोणाचा देव कोणता, ते ज्याचे त्याने ठरवायचे.

पहिल्या बैठकीने मी सुधारलो, असे समजू नका. चाळीस दिवस निभावले आणि पोळ्याला पुन्हा घेतली. तोंड दाखवायची लाज वाटली. तरी गेलो. वाटले, हाकलून देतील. सायकलवाले बाबूजी म्हणाले, "आलात, हे बरं झालं. आज पुन्हा पहिला दिवस मोजा." तो पहिला दिवस अजून चालू आहे.

बैठक कशी शोधावी

आता कामाचे सांगतो. ज्यांना लिहिता येते, त्यांनी वहीत उतरवून घ्यावे.

पहिले, डॉक्टर. रोज पिणाऱ्याने आधी डॉक्टरला दाखवावे. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या रुग्णालयात मनोविकार विभागात जावे. मनोविकार म्हटल्यावर बिचकू नका. दारूचा आजार तिथेच पाहतात. तिथे जाणे होत नसेल तर गावच्या आशाताईला विचारा. ती वाट दाखवील.

दुसरे, फोन. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. तो २०२२ साली सुरू झाला. मन खचले, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले, तर रात्री-अपरात्री तो लावावा. दोन्ही फोन फुकट आहेत. ए. ए. चाही स्वतःचा फोन असतो आणि तो दारू सोडलेलाच माणूस उचलतो. तो नंबर व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मनोविकार विभागात विचारावा.

तिसरे, काय विचारावे. चार गोष्टी विचारा. वार कोणता? वेळ कोणती? जागा कोणती? आणि बैठक खुली आहे की बंद? बंद बैठकीत फक्त पिणारे किंवा सोडलेले बसतात. खुल्या बैठकीला बायको, भाऊ, आई, कोणीही येऊ शकते. बैठकीची जागा कधी कधी बदलते. म्हणून ज्या दिवशी जायचे, त्या दिवशी सकाळी पुन्हा फोन करा. शक्य असेल तर म्हणा, "मला घ्यायला कोणी फाट्यावर येईल का?" असे विचारण्यात कमीपणा नाही. एकट्याचे पाय दारातून परत फिरतात. माझे दोनदा फिरले.

चौथे, दूर असेल तर. २०२० च्या टाळेबंदीत बैठका मोबाईलवर भरू लागल्या. आजही काही तशा भरतात. कापसाच्या हंगामात नागपूर गाठता येत नाही, तेव्हा मी झाडाखाली बसून फोनवर ऐकतो.

पाचवे, फसू नका. बैठकीचे पैसे मागतो, तो बैठकीचा माणूस नव्हे. "गुपचूप भाजीत घाला, आठ दिवसांत दारू सुटेल" असे सांगून पुड्या विकणारे फिरतात. त्यांतल्या काही पुड्यांत असे औषध असते, की त्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब पडतो आणि माणूस दगावू शकतो. ते औषध डॉक्टरही देतात, पण रोग्याला सांगून, तपासून देतात. चोरून कधी देऊ नका. कोणी माणसाला साखळीने बांधून ठेवतो म्हणाला, तर तिथेही पाठवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तसे करायला मनाई आहे.

आणि बायांनो, तुमच्यासाठीही बैठक आहे. दारू एक जण पितो, पण झिंगते सारे घर. बिलच्या बायकोने १९५१ साली घरच्या माणसांसाठी अल-अॅनॉन नावाच्या बैठका उभ्या केल्या. आपल्याकडे पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले. तिथे व्यसनी माणसांच्या बायकांचा 'सहचरी' नावाचा गट चालतो. माझी बायको म्हणते, "नवरा सुधरो का न सुधरो, आपुन रडणं कोठी तरी बसून सांगितलं पाहिजे."

पत्ता लपवू नका

आपल्या जिल्ह्यातल्या बायांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले. ते योग्यच केले. वर्धा नदीच्या पलीकडे वर्धा जिल्ह्यात बंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली. आपल्या विदर्भाने दारूचा घाव जुना पाहिला आहे. गाडगेबाबांचे वडील दारूपायी लवकर गेले. त्या पोराने पुढे हातात खराटा घेतला आणि गावोगाव कीर्तनातून सांगितले, की दारूला शिवू नका. गावातली बाटली आडवी झालीच पाहिजे. पण बंदी सरकार आणते, सरकार उठवते. माणसाच्या आतली बंदी मात्र त्याची त्यालाच रोज करावी लागते, आणि ती एकट्याने होत नाही.

आता जे सांगतो, ते सांगायला मला जड जाते.

मी दारू सोडून वर्ष झाले होते. माझा एक जुना जोडीदार होता. आम्ही संगतीने प्यायचो. एकदा बाजारात त्याने मला गाठले. म्हणाला, "लेका, तू दर सोमवारी कोठी जाते? मलेबी ने." आजूबाजूला चार माणसे होती. मला लाज वाटली. मी म्हटले, "कोठी नाही रे. बँकेच्या कामानं जातो."

पंधरा दिवसांनी तो गेला. आपल्या जिल्ह्यात असे किती जण गेले, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्यावर कर्ज होते, नापिकी होती, पुष्कळ काही होते. बैठकीला आला असता तर वाचला असता, असे मी म्हणत नाही. ते देवाला ठाऊक. पण त्याने पत्ता विचारला होता. मला पत्ता माहीत होता. आणि मी दिला नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट मी शिकलो. नाव लपवायचे असते. पत्ता लपवायचा नसतो.

म्हणून आता आमच्या गावातच आम्ही बसतो. सुरुवातीला दोघेच होतो. मी आणि एक ट्रॅक्टर चालवणारा पोरगा. आमच्याकडे तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना दिवेलागणीला होते. दारुड्याचे पाय दुकानाकडे वळतात, ती वेळ हीच. गुरुवारी प्रार्थना झाली की आम्ही शाळेच्या ओट्यावर बसू लागलो. तो त्याचे सांगे, मी माझे सांगे. नागपूरच्या मंडळींना विचारले, ही बैठक म्हणायची का? ते म्हणाले, "दोघे बसले की बैठक झाली. बिल आणि डॉक्टर दोघेच होते." आता आम्ही सहा जण आहोत. कधी चार येतात, कधी दोन. एकदा मी एकटाच होतो. तरी कंदील लावून तासभर बसलो. न जाणो, कोणी यायचा.

माझी पोरगी आता वीस वर्षांची आहे. मी गुरुवारी उशिरा परत आलो, तरी ती कणगीमागे जात नाही. ताट वाढते आणि विचारते, "आज किती जण होते, बाबा?"

मंडळी, तुमच्यापैकी कोणाला आज रात्री पत्ता लागत असेल, तर भाषण संपल्यावर मी बाहेर लिंबाखाली थांबतो. तिथे उजेड कमी आहे. कोण आले, कोण नाही, कोणाला दिसणार नाही. आणि ज्यांना पत्ता लागत नाही, त्यांनीही तो पाठ करावा. कधीतरी बाजारात कोणी विचारील, तेव्हा सांगता आला पाहिजे.

गुरुजी, आता वर्ग तुमचा. पण एक विनंती आहे. आज पाटीवर पहिले आकडे हेच लिहून घ्या. एक, चार, चार, चार, सहा.